मुरमात राहिलेला बुडखा

“मास्तर, हे मूळ काय उतरवलंय तुम्ही! ओढलं तर हातात येईल,” डॉक्टर अळंबीचं चित्र उजेडाकडे धरून म्हणाले. नाथाजी मास्तरांनी मान खाली घातली. डॉक्टरांना तो विनय वाटला.

साताऱ्याच्या शाळेत वीस वर्षं ड्रॉइंग शिकवून मास्तरांच्या वाट्याला सुरया, केळी आणि साहेब आले की फळ्यावर काढायची वेलबुट्टी, एवढंच आलं होतं. डॉक्टरांनी अळंब्यांच्या पन्नास चित्रांचं काम दिलं, तेव्हा आपल्या हातचं काहीतरी मागं राहील असं त्यांना पहिल्यांदाच वाटलं. त्रेचाळीस साल होतं. धान्य मिळेना, लोक रानातलं काहीबाही उकडून खात होते. कुठली अळंबी खायची आणि कुठली विषारी, हे चित्र बघून कळावं, म्हणून डॉक्टरांचा हा खटाटोप.

या अळंबीचा बुडखा, म्हणजे देठाचा जमिनीतला भाग, मात्र उपटताना मुरमात तुटून राहिला होता. तुटकं देठ कागदावर बरं दिसेना, म्हणून मास्तरांनी दुसऱ्या अळंबीचं लांबसडक मूळ हिला जोडून दिलं.

एवढ्यात डॉक्टरांकडे मोळी टाकायला आलेली राहीबाई चित्रापाशी थबकली.

“ही यवतेश्वराच्या उतारावरची न्हवं? खाली पिशवी असली तर इखारी, लांब मूळ असलं तर खायाची. पर तितं बुडखा मुरमात तुटतुया. दिसलाच न्हाई, म्हनून म्या हात लावला न्हाई. तुमाला घावला व्हय?”

डॉक्टर कौतुकानं बघत होते.

“व्हय,” मास्तर म्हणाले.

“लय बरं झालं. नातवंडं चार दीस नुसत्या पाल्यावर हायती. आज कालवण करते.”

ती गेली. मास्तरांचे कान तापले. जे दिसलं नाही ते या बाईनं उपाशी पोटी सोडून दिलं होतं, आणि आपण ते रंगवून ठेवलं. लाजेनं त्यांना डॉक्टरांकडे बघवेना. ते अनवाणीच धावले. यवतेश्वराच्या वाटेवर, बोगद्याच्या चढाला ती दिसली.

“राहीबाई, तोडू नगा. म्या बुडखा बघितलाच न्हाई.”

“मगाशी तर व्हय म्हनलासा.”

“डॉक्टरांम्होरं लाज वाटली.”

“आवं, पोरांच्या ताटात पडलं असतं की,” राहीबाई एवढंच म्हणाली आणि घराकडे वळली.

परत येऊन मास्तरांनी डॉक्टरांना सगळं सांगितलं. मग ओल्या कुंचल्यानं मूळ धुऊन काढलं. फिकट डाग राहिला. त्याखाली त्यांनी पेन्सिलीनं लिहिलं, ‘बुडखा पाहिला नाही.’

डॉक्टरांनी ते चित्र तसंच ठेवलं. एकोणपन्नास अळंब्या बुडख्यासकट उभ्या होत्या, ही एकटी अधांतरी. पाहुण्यांना चित्रं दाखवताना तिची पाळी आली, की मास्तर पाठ फिरवून स्वच्छ कुंचले पुन्हा धूत बसत.