मध्यंतराची काच

लेकीने बांधलेली वळकटी त्याने तिसऱ्यांदा सोडली आणि आत हात घालून चाचपलं. काच तिथेही नव्हती.

"बाबा, टेम्पो दाराशी उभा आहे. काय शोधताय ते तरी सांगा."

"आहे एक वस्तू."

"परवा इथे पाडापाडी सुरू होणार. सहा वर्षं बंद पडलेल्या टॉकीजमधली कसली वस्तू शोधताय?"

तो कोनाडा चाचपू लागला. चौतीस वर्षं त्याने या टॉकीजच्या दारात तिकिटं फाडली होती आणि अंधारात बॅटरी मारून लोकांना खुर्च्या दाखवल्या होत्या. गाव त्याला बॅटरीच म्हणायचं. पाकिटावर नुसतं 'बॅटरी, टॉकीज' लिहिलं तरी पत्र बरोब्बर पोचायचं. राहायला पडद्यामागची खोली मिळाली होती. खोली कसली, पडद्याची मागची बाजू हीच तिची एक भिंत. टॉकीज बंद झाली, यंत्रं गेली, हा मात्र मांजरासारखा जागा धरून राहिला. आता इथे गोदामं होणार होती म्हणून लेक न्यायला आली होती. जायला त्याची ना नव्हती. पण तिला एक गोष्ट सांगायची होती, ती इथेच उभं राहून सांगता येणार होती, आणि सव्वीस वर्षं त्याची जीभ रेटली नव्हती.

लेक ट्रंकेत भांडी भरत होती. ती कपड्यांच्या कारखान्यात पॅकिंगला होती.

"तुझ्या सुपरवायझर होण्याचं काय झालं?" त्याने विचारलं.

"उद्या नाही म्हणून सांगणार आहे."

"का?"

"रोज रजिस्टर लिहावं लागतं, चार माणसांच्या देखत. पेन हातात घेतलं की मला घाम फुटतो, तुम्हाला माहीत आहे." ती हसली. "ढ ती ढच. मास्तर काय उगीच म्हणत होते?"

दुसरीत असताना तिच्या पाटीवर सगळी अक्षरं तोंड फिरवून बसायची. शब्द शेवटाकडून सुरू व्हायचा. मास्तरांनी त्या पाटीवर भला मोठा ढ काढला, ती तिच्या हातात देऊन तिला वर्गाबाहेर उभं केलं आणि बापाला बोलावून सांगितलं, हिला शिकवण्यात अर्थ नाही. या शहाण्यानेही ते ऐकलं. शाळा सोडवली आणि आठ वर्षांच्या पोरीला आत्याकडे धुणीभांडी करायला धाडून दिलं.

काच सापडली ती पत्र्याच्या डब्यात, संपलेल्या सेलांच्या खाली. पंजाएवढी, कडेला टवका उडालेली, खेळ अर्ध्यावर आला की यंत्रापुढे सरकवायची ती. त्याने ती शर्टाला पुसली.

"तू इथेच थांब. तुझी खाट असायची ना, तिथे. आणि पडद्याकडे बघ."

"बाबा, तो टेम्पोवाला..."

"थांबेल तो."

बाजूच्या दारातून तो पुढे हॉलमध्ये गेला. भर दुपारीही आत मिट्ट काळोख होता. खुर्च्या अजून उचलल्या नव्हत्या. पडद्यापासून चार पावलांवर तो उभा राहिला, बॅटरी लावली आणि काच तिच्यासमोर धरली. काचेवर रंगवलेली काळी अक्षरं पडद्यावर मोठी होऊन थरथरू लागली. मध्यंतर.

"दिसतंय का?"

"दिसतंय." मग पावलं पडद्याजवळ आली. "बाबा, हे तर माझंच अक्षर आहे."

"पडद्यामागून तसंच दिसतं गं. शाळेत जायच्या आधीपासून तू खाटेवर पडून रोज हेच बघत होतीस. जे दिसलं ते तू बरोब्बर उतरवलंस. तुझं काहीच चुकलं नव्हतं."

"आईच्या कसं लक्षात आलं नाही?"

"तिला अक्षरओळख कुठे होती? आणि खेळ सुरू असला की मी कायम या बाजूला."

"मग तुम्हाला कधी कळलं?"

'आत्ताच, परवा' म्हणून सुटता आलं असतं. सुटायची इच्छाही झाली.

"तापाने पडलो होतो एकदा. तुझ्याच खाटेवर. मॅटिनी चालू होती आणि मध्यंतर आलं."

"कधी?"

"तू पंधराची होतीस."

पलीकडे नुसती पुटपुट. ती वर्षं मोजत असावी.

"तेव्हा मला परत आणता आलं असतं."

"हो."

"का नाही आणलंत?"

"लाज वाटली," तो म्हणाला. "नंतर तर आणखीनच वाटायला लागली."

त्याने बॅटरी विझवली. पडद्यामागे मोबाइलचा उजेड लागला. सहा वर्षांच्या धुळीतून एक बोट सावकाश फिरलं आणि त्याच्या मागोमाग उजेडाची रेघ उमटत गेली. एकच अक्षर.

"वाचा."

तो पुढे गेला. डोळे बारीक केले. मान तिरकी करून पाहिली.

"हे कुठलंच अक्षर नाही, पोरी."

"ढ काढलाय मी," ती आतून म्हणाली. "चांगला सरळ."

उजेड गेला. बाजूचं दार वाजलं. त्याने सवयीने बॅटरी लावून जमिनीवर धरली, उशिरा आलेल्या माणसाला पायरी दाखवावी तशी. ती त्या प्रकाशातून आली नाही. पलीकडच्या रांगेतून, खुर्च्यांच्या पाठी चाचपत, अंधारातूनच ती बाहेरच्या दारापर्यंत पोचली. तिथे थांबली आणि त्याच्याकडे न बघता तिने हात मागे केला.

तो घाईघाईने मागोमाग गेला, त्याने बॅटरी काखेत धरली आणि आपला हात तिच्या हातात दिला.

"हात नको," ती म्हणाली. "काच द्या. उद्या कारखान्यात न्यायची आहे, रजिस्टरशेजारी ठेवायला."