शेवटच्या कप्प्यातलं शून्य

मित्रांनो, मला तुम्ही हातात धरू शकणार नाही. जांबे गावातल्या एका स्वयंपाकघरात, पिठाच्या डब्याशेजारी एक जुना लॅपटॉप असतो. त्यातल्या जावा भाषेतल्या प्रोग्राममध्ये मी राहतो. मी ॲरे. म्हणजे एका ओळीतले कप्पे आणि प्रत्येक कप्प्यात एक आकडा. जन्मतःच माझे कप्पे ठरले. पुढे एकही वाढला नाही की घटला नाही. आमच्यात तशी पद्धतच नाही!

मला घडवलं सायलीने. तिची आई, साधनाताई, भाडेकरूंना जेवणाचे डबे देतात. भाजी सगळ्यांची एकच आणि फिकी. मग ज्याच्या त्याच्या आवडीप्रमाणे डब्यात लाल ठेचा कालवायचा, कुणाला एक चमचा, कुणाला तीन. डब्यांना नंबर दिलेले, आणि कोणत्या नंबरात किती चमचे ते सांभाळायचं काम माझं. शेवटचा कप्पा सांगताना साधनाताई म्हणाल्या, "हितं शून्य घाल. कोंडाजीबाबांचं पोटाचं ऑपरेशन झालंय. त्यांना तिखट अजिबात चालत न्हाई."

शून्य म्हणजे रिकामं, असं लोकांना वाटतं. मला मात्र त्याच कप्प्याचा जास्त अभिमान होता.

प्रोग्राममध्ये कामं करायला मेथड असतात. सायली माझं नाव कंसात लिहून मला त्यांच्याकडे पाठवायची. एक मेथड चमच्यांची बेरीज करायची, दुसरी प्रत्येक डब्याचे चमचे पडद्यावर दाखवायची. दोघी गुणी. साधनाताईंनी लेकीची पाठ थोपटली, तेव्हा मीही उगाच फुशारलो.

मग गावची जत्रा जवळ आली. जत्रेच्या दिवशी सगळ्यांना एकेक चमचा जास्त दिला तर ठेचा किती वाटावा लागेल, हे पाहायला सायलीने नवी मेथड लिहिली. ती माझ्या प्रत्येक कप्प्यात एक मिळवायची. सायली निर्धास्त होती. पूर्वी तिने एक सुटा आकडा असाच मेथडकडे दिला होता. मेथडने तो बदलला, तरी मूळ आकडा जसाच्या तसा राहिला, कारण मेथडला त्याची नक्कल मिळाली होती. माझंही तसंच होईल, असं तिला वाटलं. पण मला पाठवताना माझी नक्कल जात नाही, माझा पत्ता जातो. त्या पत्त्यावर येऊन मेथड जे करते, ते माझ्याच कप्प्यांत होतं. शून्याचं एक झालं. मला ओरडता आलं असतं तर किती बरं झालं असतं!

नेमक्या त्या दिवशी साधनाताई लग्नासाठी नेऱ्याला गेल्या होत्या. अंदाज काढून झाल्यावर सायलीने लगेच पडद्यावरचे आकडे बघून डबे भरले.

दुपारी कोंडाजीबाबा डबा घेऊन दारात आले. डब्यातली भाजी जवळजवळ तशीच उरली होती.

"पोरी, आज लई तिखट लागलं गं. भाकर पाण्यात कुस्करून खाल्ली मी."

सायलीने भाजी चाखली आणि तिला जोराचा ठसका लागला. तिला रडूच आलं. "बाबा, माझं चुकलं. तुम्ही आता डबा बंद करणार?"

"बंद कशापायी? दवाखान्यातनं आल्यापासनं तोंडाला चव आली ती हितल्याच जेवणानं. उद्या नीट बघ म्हंजे झालं."

तिने त्यांना मऊ दहीभात कालवून दिला. ते ओट्यावर बसून सावकाश जेवले. मग सायलीने प्रोग्राम उघडला, एकेक ओळ वाचत गेली आणि चूक तिला सापडली. आता ती आधी माझी नक्कल करते आणि त्या मेथडकडे नक्कलच पाठवते. तिथे हवा तेवढा ठेचा वाढू दे, माझे आकडे शाबूत राहतात.

माझ्या शेवटच्या कप्प्याशेजारी तिने एक टीप लिहून ठेवली आहे: 'हे शून्य कोंडाजीबाबांचं.' अशी टीप संगणक वाचत नाही. ती माणसांसाठीच असते.

मित्रांनो, मला खुशाल कुणाकडेही पाठवा, मी कामाला कंटाळत नाही. फक्त पाठवण्याआधी एवढं बघा, माझ्या कप्प्यात कुणाचं जेवण आहे.