एका रस्त्याच्या दोन फेऱ्या

मी एक जुनी मोटार आहे, मित्रांनो. रंगाने राखाडी, चार दारांची. मागचा डावा दरवाजा जरा जोरात ओढल्याशिवाय लागत नाही. एका मोठ्या कारखान्यात कुणी माझा सांगाडा जोडला, कुणी काचा बसवल्या, कुणी रंग दिला. त्यांतला एकही चेहरा मला पुन्हा दिसला नाही. पण त्यांनी आवळलेले कितीतरी नट आजही घट्ट आहेत, हे त्यांना कळावं असं फार वाटतं.

मला घरी आणलं ते घड्याळं दुरुस्त करणाऱ्या एका गृहस्थांनी. घरात सगळे त्यांना बाबा म्हणत, म्हणून मीही तेच म्हणते. रविवारी सकाळी मी थंड असतानाच ते बॉनेट उघडत. ऑइलची पट्टी पुसून पाहत, रेडिएटरचं पाणी बघत, मग चाकांत हवा भरून आणत. डिकीत कुणी अडगळ टाकली तर म्हणत, "तिला कशाला हमाली करायला लावता? ओझ्याने पेट्रोल जास्त पिते ती." सिग्नल सुटताच गाडी उधळवणं त्यांना पटत नसे. हळूहळू वेग घ्यायचा, पुढचं पाहून आधीच कमी करायचा, ही त्यांची रीत. त्यामुळे मी थोड्या पेट्रोलात लांब जायची आणि धूरही कमी सोडायची.

पुढे बाबांची नजर अधू झाली. माझी एक किल्ली त्यांनी थोरल्या सुनेला दिली, दुसरी धाकटीला. थोरली शाळेत शिकवायची. धाकटी त्याच रस्त्यावर, टेकडीपलीकडच्या इस्पितळात रक्त तपासायची. पण दोघी जावांचं बोलणं बंद होतं. धाकटीची आई एकदा भेटायला आली असताना थोरलीने तिला 'जेवून जा' म्हटलं नाही, एवढंच निमित्त. वरच्या मजल्यावर एक चूल, खालच्या मजल्यावर दुसरी. शेजारी बसायला नको म्हणून धाकटीने मुद्दाम दुपारची पाळी मागून घेतली. सकाळी एक मला नेई, दुपारी दुसरी. एकाच रस्त्यावर मी दोनदा धूर सोडत फिरायची.

दोन घरचा पाहुणा उपाशी, म्हणतात ना, तशी माझी गत झाली. थोरलीला वाटे, हवापाणी धाकटीने पाहिलं असेल. धाकटीला वाटे, ते काम थोरलीचं. दोघींपैकी कुणीच विचारत नव्हतं. माझा एक रबरी पाइप चिरला होता, थेंब थेंब पाणी गळत होतं, आणि अंगणातला तो ओला डाग दोघी रोज ओलांडून जात होत्या.

एका सुट्टीच्या दिवशी, भर दुपारी, बाबांना धाप लागली. मुलग्यांना सुट्टी नव्हती, ते कामावर गेलेले. रुग्णवाहिकेला वेळ लागणार होता. दोघींनी मिळून बाबांना उचलून माझ्यात बसवलं. धाकटीने स्टिअरिंग धरलं, थोरली मागे त्यांना टेकू देऊन बसली.

टेकडीचा चढ लागला आणि माझं इंजिन तापून लाल झालं. उष्णतेचा काटा लाल खुणेकडे सरकला.

"पाणी बघितलं होतंत ना?" धाकटीने आरशात पाहत विचारलं. कित्येक महिन्यांत तिने जावेला विचारलेला तो पहिला प्रश्न.

"मला वाटलं, तू बघितलंस."

बाबांच्या श्वासाची घरघर ऐकू येत होती. मला वाटलं, आता ह्या भांडणार आणि मी इथेच बसकण मारणार.

पण थोरली पुढे झुकली. "एसी बंद कर. हीटर लाव, पूर्ण. बाबांनी सांगितलं होतं, इंजिनची उष्णता बाहेर ओढून घेतो तो."

"या उन्हात हीटर?"

"काचा उघडते मी. तू घाई नको करू. चढ संपतच आलाय."

धाकटीने ऐकलं. दोघी घामाने न्हाल्या. थोरली पदराने बाबांना वारा घालत होती. काटा लाल खुणेशी अडला, थरथरला, आणि उतार लागताच जरासा मागे आला. आम्ही इस्पितळात पोहोचलो. डॉक्टर म्हणाले, वेळेवर आणलंत.

माझा चिरलेला पाइप बदलताना मेकॅनिक मात्र म्हणाला, "आणखी जरा ताणलं असतंत, तर इंजिन गेलंच होतं."

बाबा बरे होऊन घरी आले. पुढच्या रविवारी अंगणात खुर्ची टाकून बसले आणि म्हणाले, "दोघी या इकडे. झाकण उघडा." त्या दिवसापासून एक पट्टी पुसते, दुसरी चाकं बघते. महिन्याभरात धाकटीने सकाळची पाळी मागून घेतली. आता दोन फेऱ्यांची एकच झाली आहे. जवळच्या दुकानाला तर दोघी पिशवी घेऊन चालतच जातात. मला काम कमी झालं, याचं वाईट वाटत नाही. त्यामुळेच तर मी अजून धडधाकट आहे.

मित्रांनो, तुमच्या घरीही माझ्यासारखी कुणी असेल. तिच्याकडे कोण बघतं, हे एकदा विचारा. कुणीच बघत नसेल, तर तुम्ही बघा. आम्हाला बोलता येत नाही, पण केलेलं आम्ही विसरत नाही.

काल शाळेच्या फाटकाशी पोहोचलो तेव्हा घंटेला अवकाश होता. थोरली काहीतरी सांगत होती, ते अर्धंच राहिलं होतं.

"थांबा, आधी ही बंद करते," धाकटी म्हणाली. "उगाच धूर नको. आता सांगा."

तिने किल्ली फिरवली. मी शांत झाले, आणि दोघींचं हसणं मला अगदी स्वच्छ ऐकू आलं.