सारजाबाईंची इन्सुलिनची बाटली

मी इन्सुलिनची बाटली बोलतेय, फ्रिजच्या दारातून. शेजारी कोथिंबिरीची जुडी अन् दह्याचं भांडं. बोलायचं त्राण नाही उरलं खरं तर, पण न सांगून तरी काय करू?

मला लोणी भापकरच्या सारजाबाईंसाठी आणलं. त्यांची शुगर जुनी, त्यात डोळ्यांना कमी दिसतं. म्हणून रोज सकाळी नातू रणजित त्यांना सुई टोचायचा. "आजी, हलू नगंस," म्हणायचा. "मेल्या, हात हाय का हातोडा?" असं म्हणून त्या हसायच्या. गुणी पोरगं हो. माझाही जीव होता त्याच्यावर.

रणजितला जिमचं वेड. यात्रेतल्या शरीरसौष्ठव स्पर्धेत उतरायचं होतं. जिममधला दीपक त्याला म्हणाला, "तुझ्या तर घरातच इन्सुलिन हाय की! खाल्लेलं समदं मसलमधी जातंय बघ." झालं! आजीचं झालं की हा स्वतःच्या पोटातही टोचून घ्यायला लागला. अरे बाबा, रक्तातली साखर खाली आणायची हे माझं काम. सारजाबाईंची वाढलेली असते. तुझी खाली आणली तर तुझ्या मेंदूनं खायचं काय? पण बाटलीचं ऐकतंय कोण.

स्पर्धेच्या आदल्या दिवशी त्यानं टोचून घेतलं आणि वर जेवलाच नाही. पोट आत दिसायला हवं ना! दुपारी ओसरीवर घामानं निथळायला लागला. झोकांड्या जायला लागल्या, जीभ जड झाली. तेवढ्यात त्याचे वडील, विजयसिंह, रानातून आले. यात्रेचे दिवस, समोर पोरगं असं. त्यांना एकच सुचलं. "ढोसून आलाय!" त्यांनी एक मुस्काटात दिली, तोंडात नुसतं लिंबू पिळलं आणि त्याला खोलीत निजवलं. "झोपू द्या. उतरंल आपोआप."

"आरं, त्वांडाचा वास तरी बघ," सारजाबाई म्हणत होत्या. कुणी बघितला नाही.

एवढीशी साखर हवी होती हो! गावभर ऊस उभा, आणि पोरगं साखरेवाचून पडलेलं. मी इथं दारात बसून जळत होते.

संध्याकाळी हाका मारल्या तर उठेना. बारामतीला दवाखान्यात नेलं. जीव वाचला, पण मेंदू फार वेळ उपाशी राहिला होता. आता रणजित खाटेवर बसून असतो. नाव विचारलं तर नुसता बघत राहतो. सारजाबाई चाचपडत त्याला मऊ भात भरवतात. दुसऱ्या कुणी घास पुढं केला तर तोंडच उघडत नाही.

आणि सारजाबाईंनी मला टाकलंय. "त्ये इख माझ्या अंगाला लावू नगा," म्हणतात. सुनेनं विनवलं, विजयसिंहांनी पाय धरले. नाही म्हणजे नाही. त्यांच्या पायाला जखम झालीय, ती चिघळत चाललीय, तरी नाही.

सारजाबाई, मला फेका उकिरड्यावर. हव्या तेवढ्या शिव्या द्या. माझी मुदतही संपत आलीय, मला कसली हौस उरलीय? पण दुसरी बाटली आणा आणि सुई घ्या. तुम्ही गेलात तर ते पोरगं उपाशी मरंल हो.