बटणांखालची हळद

मित्रांनो, नवी मुंबईच्या खाडीकाठी, सारसोळ्याच्या एका घरात कपाटावर पालथा पडलेला जो जुना बेंजो दिसतो, तो मी. आवाज गेला असला तरी माझी आठवण शाबूत आहे. तेव्हा माझी हकिगत मीच सांगतो.

मुंबईतल्या एका वाद्यांच्या कारखान्यात माझा जन्म झाला. एक सागवानी फळी, तिच्यावर ताणलेल्या तारा आणि त्या दाबायला टाइपरायटरसारखी गोल बटणं. १९७९ साली हिरामण कोळी यांनी मला घेतलं. खाडीतली मासळी कमी झाली, म्हणून त्यांनी चार जण गोळा करून बेंजो पार्टी काढली होती. पहिल्याच हळदीला मी अख्खा मांडव नाचवला. पुढे सारसोळ्यापासून उलव्यापर्यंत आमच्याशिवाय नवऱ्याला हळद लागेना! मी जरा शेफारलो होतो, हे कबूल करतो.

आमच्याकडे एक रीत होती. हळदीत वाजवायचा भाव कोणी ठरवत नसे. वाजवणं संपलं की यजमानीण हातात नारळ द्यायची आणि त्याच्याबरोबर बंद पाकीट. ते घरी येऊनच उघडायचं. हिरामण त्याला मान म्हणत. कोणी पैशांचा विषय काढलाच तर ते उसळायचे, "आमी काय भाड्यानं वाजवतो?"

नेरूळला नव्या इमारती उभ्या राहिल्या आणि तिथे श्यामसुंदर प्रधान नावाचे विमा एजंट राहायला आले. "हिरामणशेठ, एवढं महागाचं वाद्य, विमा उतरवून टाका. टेन्शन नको," असं म्हणत ते एक दिवस फॉर्म घेऊन आले. त्यात एक प्रश्न होता, पैसे घेऊन वाजवता का? हिरामण ताडकन म्हणाले, "नाय." श्यामसुंदरना सगळं ठाऊक होतं. तरी हप्ता कमी बसेल म्हणून त्यांनी मुकाट्याने 'घरगुती वापर' असं लिहून टाकलं.

विमा उतरवल्यानंतर तिसऱ्या वर्षी, ऐन वैशाखात, उलव्याची हळद वाजवून आम्ही सकाळी होडीने परतत होतो. धक्क्यावर उतरताना हिरामणांचा पाय घसरला आणि मी पेटीसकट खाडीत पडलो. मला बाहेर काढलं तेव्हा माझ्या पोटात खारं पाणी भरलं होतं. वाद्य दुरुस्त करणाऱ्याने मला पाहून मान हलवली. फळी बदलावी लागेल, खर्च नव्या वाद्याएवढा येईल, आणि आठवड्याभरात काम सुरू केलं नाही तर हातात काही उरणार नाही, असं त्याने सांगितलं. पुढच्या सात हळदी ठरलेल्या होत्या. आता सगळी भिस्त विम्यावर होती.

श्यामसुंदर धावत आले. "उद्या नुकसान बघायला कंपनीचा सर्व्हेअर येतोय. लग्नाचं नाव काढू नका. देवीच्या आरतीला नेला होता म्हणा. मीही अडकेन यात."

हिरामणांच्या बायको शेवंताबाई म्हणाल्या, "देवीचं नाव घेऊन खोटं बोलाचं?" हिरामण नुसते मला कोरड्या फडक्याने पुसत राहिले. आणि मी? लाज वाटते सांगायला, पण मला ते खोटं हवं होतं. मला जगायचं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी सर्व्हेअर आले. त्यांनी मला जमिनीवर ठेवलं, तारा पाहिल्या, फळीला गेलेला तडा पाहिला. हिरामणांनी आरतीचं सांगितलं, पण साहेबांकडे न बघता. साहेब लिहू लागले. मी मनात म्हटलं, सुटलो! तेवढ्यात त्यांनी सहज एक बटण उचकटलं. खाली पिवळा थर साचला होता. खाऱ्या पाण्यानेही तो गेला नव्हता.

"ही कसली हळद?" त्यांनी विचारलं.

"घरातलीच, साहेब," श्यामसुंदर घाईने म्हणाले. "मुलाबाळांचं घर आहे..."

शेवंताबाई नवऱ्याकडे बघत राहिल्या. हिरामणांनी कपाळावरचा घाम पुसला.

"साहेब, ही लगनाची हलद हाय," ते म्हणाले. "उलव्याला वाजवाला गेलो व्हतो. नारल घेतला, पाकीट पन घेतलं. बोलाला लाज वाटत व्हती, म्हनून नाय बोललो."

साहेबांनी पेनाचं टोपण लावलं. "हेच फॉर्मवर लिहिलं असतंत तर हप्ता थोडा जास्त पडला असता, आणि आज मी पूर्ण भरपाई लिहिली असती. आता माझ्या हातात काही नाही."

मला हिरामणांचा भयंकर राग आला. आठवडा उलटला. एकेक तार तुटत गेली. हिरामण मात्र सातही घरी स्वतः जाऊन सांगून आले, पार्टी येणार नाही. त्यांच्या तोंडाकडे पाहवत नव्हतं.

पुढच्या वर्षी पार्टीतल्या सगळ्यांनी मिळून नवा बेंजो आणला. श्यामसुंदर खाली मान घालून फॉर्म घेऊन आले. त्यांनी प्रश्न वाचायच्या आधीच हिरामण म्हणाले, "लिवा, श्यामसुंदरभाऊ, पैसं घेऊन वाजवतो. मोठ्या अक्षरान लिवा."

मित्रांनो, वस्तू पुसून झाकून ठेवली म्हणजे सांभाळली असं नाही. जिच्या जिवावर आपलं घर चालतं, तिचं काम चारचौघांत सांगताना मान खाली घालू नका. माझ्या मालकाला ते सांगायला फार वर्षं लागली. ज्या दिवशी त्यांनी सांगितलं, त्या दिवशी ते मोकळे झाले. मला वाचवायला मात्र उशीर झाला होता.