हायड्रोजन बसचा मुहूर्त

गुरुवारी सकाळी पद्मावतीने सुनेच्या डब्यात दोन उंडे पाव आणि वाटाण्याचं तोणाक घातलं आणि दबक्या आवाजात सांगितलं, "मुहूर्ताक पुढे जाव नको गो. लोक बोलतत."

"आये, बसची तपासणी माझ्याकडे आसा."

"बावीस वर्सां मी दाराआड रवलंय. काय बिघडला?"

पद्मावतीच्या वैधव्याची ती बावीस वर्षं. सुविधाने डबा पिशवीत टाकला. तिचा नवरा गौरेश मुरगाव बंदरात क्रेनखाली सापडून गेला, त्याला तीन वर्षं झाली होती. त्यानंतर ती हायड्रोजनची गळती तपासायला शिकली आणि कोरगाव–म्हापसा मार्गावरच्या पहिल्या हायड्रोजन बसवर लागली. या वायूला रंग नाही, वास नाही. पेटला तर उन्हात ज्वाळाही दिसत नाही. न दिसणाऱ्या गोष्टींना भिण्याचा गावाला पिढ्यानपिढ्यांचा सराव होता. नेमकं ह्या एकाच गोष्टीला कुणी भीत नव्हतं.

उद्घाटन समितीने रीतसर ठराव केला होता : 'विधवा कर्मचाऱ्यांनी मुहूर्तावेळी बसच्या मागील बाजूस थांबावे.' अशी कर्मचारी एकच होती. पण एकट्या बाईविरुद्ध ठराव करणं समितीला बरं दिसेना, म्हणून अनेकवचन.

मुहूर्त अकरा चौदाचा. प्रवासी आत बसले होते, सुवासिनी पुढे आरत्या घेऊन उभ्या होत्या. बस उभी होती त्या शेडच्या छताला गळती ओळखणारा सेन्सर होता. मंगल दिसावं म्हणून कुणीतरी त्याच्यावरच आंब्याचं तोरण घट्ट बांधलं होतं.

मागे उभ्या सुविधाच्या हातातल्या मीटरचा आकडा चढू लागला. तिने समितीचे अध्यक्ष धाकू यांना फोन लावला. त्यांनी नाव पाहिलं आणि फोन कापला. ऐन मुहूर्ताला विधवेचा फोन कोण घेणार?

"गॅस सुटलाहा! भायर या!" ती ओरडली. लाऊडस्पीकरपुढे तिचा आवाज तिलाच ऐकू आला नाही. तेवढ्यात कुणीतरी फटाक्यांची माळ लावली. टाकीपाशी बारीकसा फट् आवाज झाला. वायूने पेट घेतला होता, पण काहीच दिसेना.

न दिसणारी ज्वाळा शोधायची तर पुढे केरसुणी धरून चालायचं, असं तिला शिकवलं होतं. भिंतीला टेकलेली हिराची केरसुणी तिने उचलली आणि बसच्या कडेने चालू लागली.

विधवा, हातात केरसुणी, आणि तीही ऐन मुहूर्ताला! सुवासिनी किंचाळल्या. प्रवासी एकमेकांना तुडवत उतरले. हायड्रोजनला न भ्यालेलं गाव सुविधाला भिऊन वीस पावलं मागे सरलं आणि म्हणूनच वाचलं. टाकीच्या जोडणीपाशी केरसुणीने रिकाम्या हवेतच पेट घेतला. सुविधाने ती फेकली आणि भाजलेल्या हाताने बसच्या दाराजवळचा गॅसचा मुख्य कॉक बंद केला.

दुपारी समितीने इतिवृत्तात लिहिलं : 'अपशकुनामुळे आग.' संध्याकाळी धाकू कागद घेऊन सुविधाच्या घरी आले.

"तू आयलंस म्हणान पेटला."

"धाकूबाब, पेटला ता आधीच. मी आयलंय म्हणान दिसला."

"सोमवारी नवो मुहूर्त आसा. तपासणीची सही दी. तू मात्र येव नको."

"जोडणीचा सील फुटलाहा. नवा येयसर बस हलूची नाय. सही नाय."

"मगे सिद्धेशाची घेतंव."

सिद्धेश हा धाकूंचा भाचा. त्याचं डिचोलीत मोबाइलचं दुकान होतं, पण त्याची बायको जिवंत होती. त्याने सही केली.

सोमवारी सकाळी सुविधा घरातून निघाली, तेव्हा पद्मावती दारात पायात वहाणा घालत होती.

"आये, तू खंय?"

"तुझ्यावांगडा. बोलूंदे लोकांक. दोघींक मिळान बोलतले."

दोघी सजवलेल्या बससमोर जाऊन उभ्या राहिल्या. "जोडणी तीच आसा! उतरा!" सुविधाने ओरडून सांगितलं. ड्रायव्हर शांतारामाने धाकूंकडे पाहिलं, मग तिच्या पट्टी बांधलेल्या हाताकडे.

"माका दोन पोरां आसत, बाब," तो म्हणाला आणि चावी गाडीतच ठेवून उतरला.

आत बेचाळीस माणसं होती. पुढच्या खिडक्यांतल्या बायांनी विधवांचं दर्शन नको म्हणून डोळ्यांवर पदर ओढले. उतरलं कुणीच नाही.

धाकूंनी दारातून आत डोकावून विचारलं, "गाडी चलवूक कोणाक येता?"

तीन हात वर आले.

सुविधा आणि पद्मावती जागच्या हलल्या नाहीत. मुहूर्ताला अजून सहा मिनिटं होती.