आई मध्येच उतरली

बाबा शुक्रवारी निवृत्त झाले आणि रविवारी आम्ही सहलीला निघालो. मधल्या शनिवारी ते सोफ्यावर ताठ बसून समोरच्या भिंतीकडे बघत होते. आई म्हणाली, "हे काही खरं नाही. बाहेर पडू या."

बाबांची सगळी नोकरी किनाऱ्याच्या रस्त्यावर बस चालवण्यात गेली. हा रस्ता बघायला लोक लांबून येतात, त्यातही पानगळीच्या दिवसांत. एका अंगाला पिवळे-तांबडे डोंगर, दुसऱ्या अंगाला थेट समुद्र. आईने तो एकदाही पाहिला नव्हता. सुट्टीचा विषय निघाला की बाबा म्हणायचे, "आज पण तिकडेच?" त्यांचंही बरोबर होतं. दाताच्या डॉक्टरला रविवारी कुणी आ करून दाखवत नाही.

समुद्र कसा आहे असं विचारलं तर ते सांगायचे, "जाताना डाव्या हाताला." आणखी खोदून विचारलं तर, "येताना उजव्या."

आईच्या अटी दोनच होत्या. समुद्राकडची खिडकी हवी, आणि नवरा एक दिवस तरी ड्यूटीवर नको. दुसरी अट तिने हसत हसत सांगितली, म्हणजे खरी तीच होती.

भाड्याच्या छोट्या गाड्या संपल्या होत्या, म्हणून मला बारा जणांची व्हॅन मिळाली. पांढरी, कडेने निळा पट्टा. योगायोगाने बसही तशीच असते. चालवणार मी होतो, पण बाबा शेजारी बसून पायाने जमिनीवर इतके ब्रेक मारत होते की शहराबाहेर पडताच मी त्यांना किल्ली दिली. आई पुढे खिडकीशी बसली, मी मागे. पहिल्या वळणावर समुद्र दिसला आणि आई "अगंबाई" म्हणाली.

तेवढ्यात व्हॅन थांबली. एक बाई शिवणयंत्र कवटाळून आत चढल्या.

"आज वेळेवर आलात," त्या बाबांना म्हणाल्या.

"रोजच येतो," बाबा म्हणाले आणि निघाले.

आई कुजबुजली, "अहो, या कोण?"

"शिंपीणबाई. शाळेपाशी उतरतात."

"आपण सहलीला चाललोय."

"मग काय करू? चढल्यात त्या. चढलेल्या माणसाला उतरवता येत नाही."

"पण थांबलात कशाला?"

बाबांनी जरा विचार केला. "थांबा होता."

पुढचा थांबा दिसला तेव्हा मी आधीच ओरडलो, "बाबा, इथे थांबायचं नाही!"

"नाही थांबत," बाबा म्हणाले आणि थांबले. त्यांना स्वतःलाच नवल वाटलं. "पाय गेला," ते म्हणाले.

तिथे गुडघ्याला पट्टा बांधलेले एक आजोबा चढले. आईने निमूटपणे पुढची जागा त्यांना दिली आणि मागे आली. मग दोघी बहिणी चढल्या, त्यांचं आपसात बोलणं बंद होतं, म्हणून त्यांना दोन टोकांना बसवावं लागलं. मग एक न्हावी चढला. त्याच्या हातात दुकानासाठी घेतलेला माणसाएवढा आरसा होता. "मागे सरका, मागे जागा आहे," असं कुणीतरी म्हणालं. तो मी होतो.

"हे दादा नवीन का?" धाकट्या बहिणीने विचारलं.

"मुलगा आहे माझा," बाबा म्हणाले. गेल्या दोन दिवसांत त्यांचा आवाज इतका चांगला लागला नव्हता.

शाळेच्या थांब्यावर मागून हॉर्न वाजला. खरी बस होती, पूर्ण रिकामी. बाबांच्या जागी लागलेला पोरगा उतरून धावत आला.

"काका, अहो, माझे पॅसेंजर!"

"उशीर केलास."

"मी वेळेवर आहे! तुम्ही पुढे आहात!"

"मग आज मागून ये, रस्ता बघून घे," बाबा म्हणाले आणि आरशात बघून गाडी काढली. शिंपीणबाई उतरायच्याही विसरल्या. त्या म्हणाल्या, "असू दे, चांगलं वाटतंय."

आई शेवटच्या बाकावर होती. न्हाव्याने आरसा नेमका तिच्या खिडकीला टेकवला होता. उभी राहून तिने टपावर आतून थाप मारली.

"थांबवा! मला उतरायचंय."

"इथे थांबा नाही," बाबा समोर बघत म्हणाले.

"नसू दे. मघापासून खिडकीत समुद्राऐवजी माझंच तोंड बघतेय. ते मी घरी बसूनही बघितलं असतं."

"पुढे थांबा आहे ना, पाचच मिनिटं..."

"उतरणार आहे मी. तुम्ही या, नाहीतर तुमची फेरी पुरी करा."

न बोलणाऱ्या बहिणींनी एकमेकींकडे बघितलं. आजोबा म्हणाले, "ड्रायव्हरसाहेब, बाईमाणूस काय म्हणतंय ऐका की."

बाबांनी थांबा सोडून गाडी कधीच थांबवली नव्हती. त्यांनी वळायचा दिवा लावला, आरशात पाहिलं, पुन्हा पाहिलं आणि गाडी कडेला घेतली. आई उतरली, कठड्यापाशी गेली आणि आमच्याकडे पाठ करून बसली. बाबा स्टिअरिंग धरून तसेच राहिले. मग मागून बस आली. बाबांनी खिडकीतून हात बाहेर काढून तिला थांबवलं.

"सगळ्यांना घेऊन जा," ते पोराला म्हणाले. "आजोबांना पुढची जागा दे. आरसा आडवा ठेव. या दोघींना एकत्र बसवू नकोस."

"एकत्रच बसतो आम्ही," थोरली म्हणाली.

बस गेली. बाबांनी इंजिन बंद केलं. मग खाली उतरले, चारही टायर दाबून पाहिले, आणि आता करण्यासारखं काही उरलं नाही तेव्हा आईशेजारी जाऊन कठड्यावर बसले. आई सरकली नाही, पण तिने पर्स उचलून मांडीवर घेतली.

बाबा डाव्या टोकापासून उजव्या टोकापर्यंत हळूहळू बघत गेले.

"बराच आहे," ते म्हणाले.

"हो," आई म्हणाली.

मी व्हॅनमध्येच बसून राहिलो. तेवढ्यात दोघांनी येऊन विचारलं, ही कुठे जाते. मी सांगितलं, आज जात नाही.